झऱ्यावरची बारी

मी हट्टी आहे, हे माझ्या बायकोच्या आधी सरकारने लिहून ठेवलं. 'कामात चोख, परंतु स्वभावाने हट्टी' असा शेरा एका मोठ्या साहेबांनी माझ्या गोपनीय अहवालात मारला आणि पुढे नोकरी संपेपर्यंत तो माझ्याबरोबर बदलीच्या गावोगाव हिंडला. दुसरा कुणी असता तर तो शेरा पुसून घ्यायला अर्जविनंत्या करत बसला असता. मी एकही अर्ज केला नाही. माणसं पदकं मिरवतात, मी तो शेरा मिरवतो. तो मी कमावलेला आहे.

आम्ही तापीकाठचे गुजर. शहाद्याच्या बाजूला काळीभोर जमीन, कापूस, केळी, मोटेच्या विहिरी. घरात गुजरी बोलायची, गावात अहिराणी आणि शाळेत मराठी, त्यामुळे तीन भाषांत भांडता येईल एवढी तयारी लहानपणीच झाली होती. घरात आजवर कुणी नोकरी केली नव्हती. मी जंगलखात्यात जातो म्हटल्यावर आईने विचारलं, की घरचं सोन्यासारखं शेत सोडून लोकांची झाडं राखायला कोण जातं? वडील दोन दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलले. पण माझ्या नाकावर राग कायम बसलेला. नको म्हटलं की तेच करायचं. पन्नासच्या दशकात खाकी अंगावर चढली ती तशीच, कुणालातरी करून दाखवायचं म्हणून.

साठ साल उलटलं, नवं राज्य झालं आणि रेंजर म्हणून माझी बदली सातपुड्यात झाली. तेव्हा नंदुरबार हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा कारभार धुळ्याहून चाले. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसं पहाटेपासून चालत यायची. चारोळी, आमचूर, मोहाची फुलं विकायची आणि मीठ, तेल, कापड घेऊन अंधार पडायच्या आत परत डोंगरात शिरायची. तिकडे तेव्हा रस्ता म्हणजे जीपच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. तोच रस्ता पक्का करायचं काम निघालं होतं आणि त्यासाठी खडी हवी होती.

रस्त्याच्या ठेकेदाराने एका टेकडीवर दगडखाण काढायचा परवाना मागितला. टेकडी जंगलाच्या हद्दीत, म्हणून कागद अभिप्रायासाठी माझ्याकडे आला. त्यात दोन प्रश्न होते: जवळपासच्या पाण्याला धोका पोहोचतो काय, आणि वन्य प्राण्यांचा वावर आहे काय. ठेकेदाराने दोन्हींपुढे 'नाही' असं स्वतःच सुचवून ठेवलं होतं. नकाशावरही पाण्याची निळी रेघ कुठे दिसत नव्हती. वरून मोठ्या साहेबांचा निरोप होता की पावसाळ्याआधी रस्ता व्हायला पाहिजे, कागद अडवू नये. बहुतेक रेंजर अशा वेळी टेबलावर बसून सही करत. मला कुणी 'अडवू नये' म्हटलं, की आधी जाऊन बघावंसं वाटतं.

चैत्र संपत आला होता. मी, माझा नाकेदार आणि ठेकेदार असे तिघे निघालो. नाकेदार म्हणजे वनरक्षक. हा माणूस नंदुरबारच्या बाजूचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा, तोंडाळ आणि चहाबाज. चहाचं सामान त्याच्या खांद्यावरच्या झोळीत कायम असायचं. टेकडीच्या पायथ्याला एक पाडा होता. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेल.

टेकडीच्या पोटात, दोन मोठ्या खडकांच्या मधून पाण्याचा झरा होता. धार करंगळीएवढी. खाली दगड रचून लोकांनी एक लहान डबकं केलेलं आणि त्यातलं पाणी काचेसारखं. खाली, झऱ्याची वाट जिथे पाड्यातून निघते तिथे, वाघदेवाचा लाकडी खांब उभा होता, त्यावर चंद्र, सूर्य आणि वाघ कोरलेले. झऱ्याच्या अलीकडे एका सपाट खडकावर कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या आणि एक म्हातारी हातात काठी घेऊन त्या राखत बसली होती.

ठेकेदार म्हणाला, "ही नुसती ओल आहे साहेब, हिला पाणी कोण म्हणेल?"

मला हसू आलं आणि रागही आला. आमच्या घरच्या शेजाऱ्याने एकदा आपली विहीर खोल करायला सुरुंग लावले, तर त्याच्या विहिरीला पाणी लागलं नाहीच, उलट आमच्या विहिरीचं गेलं. खडकाच्या आतली वाट हलली की पाणी कुठे जाईल ते सांगता येत नाही. त्या उन्हाळ्यात आमची केळी उभ्याउभ्या वाळली आणि वडिलांनी शेजाऱ्याशी बोलणं सोडलं ते कायमचं. ह्या टेकडीवर खडीसाठी सुरुंग उडू लागले, तर ही करंगळीएवढी धार राहील हे कुणाच्या बापाला खात्रीने सांगता आलं नसतं. आणि खाली पाड्याला दुसरं पाणी कुठलं, ते विचारायला मी पाड्यात गेलो.

पाड्यातली माणसं मोहाच्या झाडाखाली जमली. घरी ते भिलोरी बोलत, पण बाजारामुळे अहिराणी सगळ्यांना येत होती. कारभारी, म्हणजे पाड्याचा प्रमुख, माझ्यासमोर उकिडवा बसला.

मी विचारलं, "ह्या झऱ्याचं पाणी तुम्ही पिता?"

"थोडंसं."

"उन्हाळ्यात पुरतं?"

"पुरस नही."

"मग काय करता?"

"करतस काहीतरी."

"आणि जनावरं? अस्वल, बिबळ्या, भेकर?"

"काहीच नही, साहेब. आठे काहीच नही."

मी एकेकाला विचारलं. प्रत्येकाने तेच सांगितलं, जणू सकाळी सगळ्यांनी मिळून पाठ केलं होतं. अस्वल? नाही. मोर? नाही. मोर नाही म्हणाले तेव्हा मागच्या झाडीतून एक मोर ओरडला, आणि तरीही कारभाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. माझा पारा चढला. ह्यांच्यासाठी मी उन्हात इथवर आलो आणि हे मिठाची गुळणी धरून बसलेत. ठेकेदार खूश होता. तो म्हणाला, "लोकच सांगतायत साहेब. घ्या अंगठे पंचनाम्यावर."

मी म्हटलं, "उद्या घेऊ." का म्हटलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. त्या दिवशी मला सगळ्यांचाच राग आला होता आणि रागात मी कुठलाच कागद पुरा करत नाही, एवढंच खरं.

ठेकेदार त्याच्या माणसांकडे निघून गेला. आम्ही पाड्याच्या कडेला मुक्काम टाकला. ऊन कलायला लागलं आणि नाकेदाराला चहाची तलफ आली. तो पातेलं घेऊन झऱ्याकडे निघाला. थोड्या वेळाने त्याचा चढलेला आवाज ऐकू आला, म्हणून मी मागे गेलो.

बघतो तर मघाची म्हातारी वाटेत काठी आडवी धरून उभी होती. हाडं आणि सुरकुत्या, बाकी काही नाही, पण नाकेदाराला एक पाऊल पुढे टाकता येत नव्हतं.

"आते तुन्ही बारी नही," ती म्हणत होती.

बारी म्हणजे पाण्याची पाळी. आमच्याकडे पाटाच्या पाण्याची बारी असते, त्यावरून डोकी फुटतात, म्हणून मला तो शब्द चांगला ओळखीचा. मी विचारलं, "आजी, मग बारी कुणाची?"

तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या खाकीकडे पाहिलं आणि आपण काय बोलून बसलो ते तिच्या ध्यानात आलं. पण वाट काही सोडली नाही.

नाकेदार वैतागून म्हणाला, "अवो माय, आम्ही सरकार शेतस. सरकारनी बारी कव्हय ऱ्हास मंग?"

"सरकारले बारी नही," म्हातारी म्हणाली.

मला आधी हसू फुटलं. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. सकाळी बायका पाणी भरतात, त्यांच्यामागून गुरं पितात आणि ऊन कललं की पाड्यातलं एकही माणूस त्या पाण्याकडे फिरकत नाही. फिरकायचंच नाही. ती वेळ दुसऱ्या कुणाची तरी आहे. ठेकेदाराने इथे माणसं शोधली असतील संध्याकाळी आणि जनावरं शोधली असतील दुपारी, आणि त्याला दोन्ही सापडली नसतील.

मी नाकेदाराला चहा विसरायला सांगितलं, आणि त्याच्या आयुष्यातला तो बहुधा सगळ्यात कठीण हुकूम असावा. आम्ही लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला एका खडकामागे बसलो. म्हातारी आमच्यावर पहारा ठेवायला आमच्याच शेजारी येऊन बसली. सूर्य डोंगराला टेकला आणि भेकरांची जोडी आली. मग रानकोंबड्या आल्या. त्यानंतर एक अस्वल आलं, पाठीवर पिल्लू घेऊन. पिल्लाने आईच्या केसांना असं घट्ट धरलं होतं, जसं गर्दीच्या बाजारात पोर आईचं लुगडं धरतं. अस्वल पाणी प्यायलं, तोंड झाडलं आणि आलं तसं गेलं. माझ्या नोकरीत मी पुष्कळ जनावरं पाहिली, पण पाणी पिताना इतकं निर्धास्त जनावर तोवर पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी कारभारी आपणहून माझ्याकडे आला. म्हातारीने त्याला सांगितलं होतं, की रेंजरला दिसलं आणि त्याने बंदूक काढली नाही. मी म्हटलं, मग दुपारी खोटं का बोललात? जमिनीवर काडीने रेघा ओढत त्याने सांगितलं. आजवर इथे जो जो साहेब आला, त्याने हाच प्रश्न विचारला: जनावर आहे का? आहे म्हटलं, की दुसऱ्या दिवशी पाड्याला हाका घालायला बोलावणं. ऐन पेरणीच्या दिवसांत सगळी माणसं ढोल, डबे घेऊन रान उठवायला जायची, तीही फुकट. अशाच एका शिकारीत साहेबांची गोळी अस्वलाला धड लागली नाही. साहेब जीपमध्ये बसून गेले आणि जखमी अस्वल हाका घालणाऱ्यांच्या अंगावर आलं. त्यात म्हातारीचा नवरा गेला. पाणी चांगलं आहे म्हटलं, तर साहेबांचा तंबू तिथेच पडतो, तेही त्यांना माहीत होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. ह्या लोकांनी तर ताक आहे हेच कबूल करायचं सोडून दिलं होतं.

मी त्यांना समजावलं, की ह्या वेळी 'नाही' म्हणालात तर टेकडी फुटेल. सुरुंगाने झरा हलला, तर उन्हाळ्यात पाडा उठवावा लागेल. 'आहे' म्हणालात, तर मी लिहीन आणि खाण दुसरीकडे जाईल. ओढ्यापलीकडे एक बोडकी टेकडी होती. तिच्यात पाणी नव्हतं, झाड नव्हतं, काळा दगड भरपूर होता. फक्त ठेकेदाराच्या गाड्यांना लांब पडत होती.

कारभारी म्हणाला, "तू लिखशी. मंग ते वाचीसन दुसरा साहेब बंदूक लई ई."

त्याचं बरोबर होतं. आणि समोरच्याचं बरोबर असलं की मला गप्प बसवत नाही, हा माझा जुना रोग. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी उठलो, सरळ वाघदेवाच्या खांबाकडे गेलो आणि त्यावर हात ठेवून म्हणालो, "मी ह्या रेंजमध्ये आहे तोवर ह्या पाण्यावर बंदूक चालणार नाही. माझी नाही आणि माझ्या वरच्या साहेबाचीही नाही."

नाकेदाराने कपाळाला हात लावला. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "स्वतःनं नाव लिधं ते ठीक शे. मोठा साहेबनं कसाले लिधं?"

सकाळी पंचनामा झाला. झरा बारमाही, पाड्याला दुसरं पाणी नाही, संध्याकाळी वन्य प्राण्यांचा नेमाने वावर. खाली सगळ्यांचे अंगठे. शेवटी म्हातारीने अंगठा उठवला आणि शाई कैरीच्या फोडीला पुसली. मी अभिप्राय लिहिला: ह्या टेकडीवर खाणीस परवानगी देऊ नये, पलीकडची बोडकी टेकडी द्यावी, तिथेही सुरुंग फक्त भर दिवसा लावावेत. आजवर मी लिहिलेला सगळ्यात चांगला कागद तो. आजही मला त्यातलं एक अक्षर बदलावंसं वाटत नाही.

कागद वर गेला आणि थोड्याच दिवसांत मला बोलावणं आलं. मोठे साहेब पुण्याकडचे. शिस्तीचे, वाचन दांडगं, पैशाला शिवत नसत. शिकारीचा मात्र नाद. शिकार तेव्हा कायद्याने बंद नव्हती, परवाना काढला की झालं. त्यांनी माझा अभिप्राय पुढ्यात ठेवला होता. मी मनात पाण्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरं जुळवत उभा होतो.

ते म्हणाले, "अस्वल आहे म्हणता? रोज येतं?"

मी म्हटलं, "येतं, साहेब."

"शनिवारी मी स्वतः पाहणीला येतो. पाहणी झाली की सही करून टाकू. झऱ्यावर एक मचाण बांधून ठेवा."

कारभाऱ्याने जे सांगितलं होतं ते अक्षर न अक्षर खरं ठरलं होतं. मी 'हो' म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. सलाम ठोकून बाहेर पडलो. बाहेर ठेकेदार बसलेला. त्याला सगळं आधीच कळलेलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला तो नव्हता, एवढा गुण त्याला द्यायला हवा. तो सरळ म्हणाला, "रेंजरसाहेब, एक अस्वल दिलंत तर झरा वाचतो. नाही दिलंत तर साहेब चिडतील, मला टेकडी मिळेल आणि अस्वलही जाईलच. तुम्हीच हिशेब करा."

हिशेब बरोबर होता, हेच वाईट होतं. परतीच्या वाटेवर मी तो सगळ्या बाजूंनी मांडून पाहिला. एका बाजूला एक अस्वल, दुसऱ्या बाजूला सगळा पाडा. कुणीही शहाण्या माणसाने मचाण बांधलं असतं. पण खांबावर ठेवलेला हात माझा होता आणि तो हात मला दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. शिवाय अस्वल मारून झरा राखला, तर त्या पाड्यात पुढच्या वेळी कुणी कुठल्याही रेंजरला खरं सांगितलं नसतं. नाकेदाराने विचारलं, मचाणासाठी बांबू तोडायचे का? मी म्हटलं, नाही. त्याने पुन्हा विचारलं नाही. फक्त माझ्या बायकोला जाऊन सांगितलं, की बाई, सामान बांधायला घ्या.

शनिवारी साहेब आले. जीप जिथवर येत होती तिथवर जीपने, पुढे पायी. आधी त्यांनी पाहणी केली, आणि नीट केली. टेकडीवर चढले, खडकांच्या भेगा पाहिल्या, झऱ्याला हात लावला, बोडकी टेकडीही पाहून आले. माझा अभिप्राय बरोबर आहे असं ते म्हणाले. मग बंदूक खांद्यावर घेतली. ऊन कललं होतं.

"मचाण कुठे आहे?"

"बांधलं नाही साहेब."

"का?"

"ह्या पाण्यावर बंदूक चालणार नाही, असा मी शब्द दिलाय."

"तुमच्या बंदुकीबद्दल दिला असेल."

"तुमच्याही बंदुकीबद्दल दिलाय, साहेब."

मागे कुणीतरी खोकलं. बहुधा नाकेदार. साहेब लाल झाले. त्यांना इतका राग आला होता, की ते ओरडलेसुद्धा नाहीत. ते वळले आणि झऱ्याच्या वाटेने चालू लागले. वाटेत म्हातारी उभी होती, तीच काठी आडवी धरून.

"आते तुन्ही बारी नही," ती म्हणाली. नाकेदाराला म्हणाली होती अगदी तसंच. साहेब कोण, ह्याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

साहेबांना अहिराणी येत नव्हती. त्यांनी मला विचारलं, "काय म्हणते ही?"

मला दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "ही म्हणते, आत्ता तुमची पाळी नाही. ही वेळ जनावरांची आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मीही तेच म्हणतो." आणि मी चार पावलं पुढे जाऊन म्हातारीच्या शेजारी उभा राहिलो. त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही. आईला मी बोलावून दाखवलं असतं, की लोकांची झाडं राखायला येतात म्हणजे काय करतात.

साहेब आमच्याकडे बघत राहिले. मग बाजूच्या खडकावर बसले, कैऱ्यांच्या फोडी जरा सरकवून. बंदूक मांडीवर होती. सूर्य टेकला आणि अस्वल आलं, पाठीवर पिल्लू घेऊन. ते आमच्यापासून लांब नव्हतं. साहेबांनी बंदुकीला हात लावला नाही. माझ्या शब्दामुळे, की पिल्लामुळे, की म्हातारीची काठी अजून आडवीच होती म्हणून, ते मी त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

अंधार पडायच्या आत ते उठले. जीपपाशी आल्यावर म्हणाले, "तुम्ही लिहिलंय ते खरं आहे, म्हणून त्यावर मी सही करणार. तुमच्याविषयी काय लिहायचं ते मी वेगळं लिहीन."

दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. टेकडी वाचली. ठेकेदाराला बोडकी टेकडी मिळाली, रस्ता जरा उशिरा झाला, पण झाला. माझ्या अहवालात 'हट्टी' पडलं आणि पुढच्या थंडीत माझी बदलीही झाली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी 'कामात चोख' हेही लिहिलं होतं, ते लिहायला कुणी लावलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मी पाड्यावर निरोप घ्यायला गेलो. मुद्दाम सकाळी गेलो, माणसांच्या वेळेला. झऱ्यावर बायका ओळीने हंडे घेऊन उभ्या होत्या, मागे गुराखी गुरं आवरत थांबलेले. मला तहान लागली होती, पण सरकारला बारी नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून मी बाजूला मोहाखाली उभा राहिलो आणि कारभाऱ्याशी बोलू लागलो. मी जातोय म्हटल्यावर त्याने एवढंच विचारलं, की नवा येईल तो कसा आहे? मी म्हटलं, आल्या आल्या त्याला हा झरा दाखवा, आणि संध्याकाळीच दाखवा.

म्हातारी ओळीत होती. तिचा हंडा भरायची वेळ आली तेव्हा तिने तो भरला नाही. मागे वळून माझ्याकडे काठी दाखवली.

"आठे ये," ती म्हणाली. "हाई तुन्ही बारी."

मी जागचा हललो नाही. मला वाटलं ती दुसऱ्या कुणाला म्हणतेय. नाकेदाराने मला मागून ढकललं. "जा ना साहेब. सरकारले बारी भेटनी."

मी पुढे गेलो. बायकांनी वाट दिली. म्हातारीने तिच्या तुंब्याने माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. गार होतं आणि त्याला पाल्याचा थोडा वास होता. पोटभर प्यायलो, तोंड पुसलं. मागे गुरं खोळंबली होती, म्हणून बाजूला झालो.